अळणी नवरात्र

२४ ऑगस्ट, रविवार

खाल्लं: सकाळी बटरमध्ये चार अंडी. दुपारी चिकन, नुसतंच. आता परत अंडी आणि पनीर.

जिमचे शौनक सर म्हणाले, रोज काय खातोस ते वहीत लिही, मला दाखवू नको, तुझ्यासाठीच लिही. आठवीत शाळा सोडल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. पण खाण्याचं लिहून पान उरतं, आणि रिकामं पान बघत बसणं मला जमत नाही. म्हणून बाकीचंही लिहितो.

मी ठाण्याला उंच बिल्डिंगांच्या काचा धुणाऱ्या ठेकेदाराकडे आहे. सध्या वागळे इस्टेटच्या बाजूला काम चालू आहे. मी खालचा माणूस. बादल्या भरायच्या, रस्ता अडवायचा, लोकांना "साइडसे चलो" म्हणून ओरडायचं. वर दोरावर दौलत आणि बाकीचे. दौलत माझ्याच खोलीवर राहतो, डोंबिवलीला, मानपाड्यात. खाली उभं राहायचा मला वीट आला. याआधी बेकरीचा आला, कुरिअरचा आला, वॉचमनच्या खुर्चीचा तर पहिल्याच महिन्यात आला. आमचं घर आटपाडीच्या पलीकडं, तिथला तर मिसरूड फुटायच्या आधीच आलेला.

सुपरवायझर विश्राम साहेब म्हणाले, "नवरात्रात दोरावर माणूस कमी पडणारे. पण नव्वद किलोच्या वर आपण बेल्ट बांधत नाही. पोपट, तू किती?"

मी म्हणालो, अठ्ठ्याण्णव. सगळे हसले. दौलत म्हणाला, "नाव पोपट आणि वजन रेड्याचं. दोर म्हणेल, साहेब, मला सुट्टी द्या."

म्हणून किटो. भाकरी, भात, चपाती, साखर, बटाटा बंद. सरांनी नीट समजावलं. भाकरी सोडली की अंगातलं पाणी निघून जातं आणि पाण्याबरोबर मीठ जातं, म्हणून मीठ नेहमीपेक्षा जास्त खायचं. पालेभाजी रोज. भोपळ्याच्या बिया, बदाम, लिंबूपाणी मीठ घालून. मी मान हलवली. पण भाकरी नसली तर मेथी कशाबरोबर खायची ते त्यांनी सांगितलं नाही. ठेचा कशाला लावायचा? ताक कशावर ओतायचं? भाकरी गेली की ताटातलं सगळंच पोरकं होतं. अंडी बरी, ती एकटी राहतात.

एक गोष्ट इथंच लिहितो, कुणाला सांगणार नाही. मागच्या महिन्यात बादली द्यायला मी गच्चीवर गेलेलो. कठड्यावरून खाली बघितलं. खाली यायला लिफ्ट होती, तरी मी भिंतीला धरून जिन्याने उतरलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

खाल्लं: अंडी. पनीर. बटर घातलेली कॉफी, साखर नाही.

गणपती बसले. ज्या खानावळीत जेवतो तिथल्या गंगुबाई आमच्याच बाजूच्या, माणदेशातल्या. त्यांनी मोदक पुढं केला. मी नको म्हणालो. "देवाचं बी नको? काय साहेब झालास का रं?" त्या रागावल्या. मी हात जोडले.

डोकं चार दिवस दुखतंय. सारखं लघवीला जावं लागतं, चाळीतली पोरं मला संडासाचा वॉचमन म्हणायला लागली. पण जिमच्या काट्यावर चार किलो कमी. चार दिवसांत. काट्यावर मी दोनदा चढलो, खोटं वाटलं म्हणून.

आईला फोन करून दोराचं सांगितलं. ती मग म्हणाली, "किती उंच?" मी म्हणालो, जास्त नाही. ती म्हणाली, "आपल्या जानाईच्या डोंगराएवढं?" मी पावसाचं विचारलं. जानाई देवीचा डोंगर तिला पायरीपायरीने पाठ आहे, खोटं बोललो असतो तर कळलं असतं.

३ सप्टेंबर, बुधवार

खाल्लं: तेच.

आईने नवस बोलला. गुडघे धरत डोंगर चढून गेली आणि माझ्या नावाने बोलून आली. पोरगं दोरावरून धडधाकट खाली येऊ दे, ते नवरात्र अळणी करील. नऊ दिवस मिठाचा कण तोंडात घालायचा नाही, सैंधवसुद्धा नाही.

मी म्हणालो, "मला विचारायचं तरी."

"तू मला इचारलंस का दोरावर जाताना?"



पहाटे पोटरीत गोळा आला. असा आला की मी अंथरुणातच पाय धरून वाकडा झालो. दौलतने अंगठा ओढून दिला. म्हणाला, जिममध्ये जास्त उड्या मारतोस.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज पहिल्यांदा दोर. नुसता सराव, त्याला नव्वदची अट नाही, म्हणून फक्त तिसऱ्या मजल्यावरून. उतरायच्या आधी दौलतने प्रश्न शिकवले. आमच्याकडे जोडी असते, एक उतरतो, एक गच्चीवर त्याचे दोर बघत थांबतो. कठड्यावर बसायच्या आधी वरचा विचारतो, उतरणाऱ्याने उत्तर द्यायचं.

दोर? दोन.
गाठ? बघितली.
वर कोण? तिथं वर थांबलेल्याचं नाव घ्यायचं.

"एक उत्तर चुकलं की त्या दिवशी उतरायचं नाही," दौलत म्हणाला. "साहेब आला तरी नाही, साहेबाचा बाप आला तरी नाही."

मी म्हणालो, "भीतीने एखाद्याचं चुकलं तर?"

"भ्यालेल्याचं चुकत नाही. भ्यालेला माणूस शाळेतल्यासारखं बरोबर बोलतो. ज्याचं डोकं जागेवर नाही त्याचं चुकतं. दारू म्हण, ताप म्हण, घरचं भांडण म्हण."

माझी तिन्ही बरोबर आली. पण काचेवर लटकल्यावर छातीत काहीतरी फडफडलं. धडधड नव्हे. मुठीत चिमणी धरली की फडफडते तसं. मग एक ठोका चुकला आणि पुढचा जोरात लागला. बोटांना मुंग्या आल्या. मी काच पुसत राहिलो, एकच काच. खाली आल्यावर दौलतने पाठीवर थाप मारली. मला रडू येत होतं.

मी भित्रा आहे. इतके दिवस माहीत नव्हतं, कारण कुठं थांबलोच नाही. भीती यायच्या आत दुसरीकडे गेलेलो असायचो.

१४ सप्टेंबर, रविवार

गंगुबाईंनी आज पकडलं. "आरं, आरशात त्वांड बघ. डोळं कुठं गेलं? बस हितं." म्हणाल्या, भाकरी नको तर नको, पण बाकीचं खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही. पायाचा रस्सा दोन वाट्या, आंबट चुक्याची भाजी, सुकट भाजलेली. सुकट इतकी खारट की जीभ सोलली. पण मी ताट चाटलं. किती दिवसांनी काहीतरी चव लागली. त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

रात्रीच्या एसटीने गावचा धोंडिबा आलेला. त्याच्याकडे आईने देवीचा गंडा पाठवला. लाल दोरा, सात गाठी. मनगटात बांधला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज सरावाला सातव्या मजल्यावरून उतरलो आणि काही झालं नाही. छाती शांत. पायात गोळा नाही. खाली बघितलं, रिक्षा काडेपेट्यांसारख्या दिसत होत्या, मला गंमत वाटली. मध्येच मी गाणं म्हणत होतो असं दौलत सांगतो.

गंड्याला पाया पडलो. आईला फोन केला. ती म्हणाली, "बघ. देवीला काय अंतर, काय ठाणं."

गंगुबाई परत जेवायला बोलवत होत्या. मी गेलो नाही. नव्वदला अजून थोडं बाकी आहे, रस्सा पिऊन वजन वाढेल.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

खाल्लं: पनीर. अंडी नाही, सकाळी वास सहन झाला नाही.

एकोणनव्वद. विश्राम साहेबांनी स्वतः काटा बघितला आणि बेल्ट माझ्या अंगावर टाकला.

शौनक सरांना मात्र आनंद झाला नाही. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. कंगव्यात केस येतात का विचारलं. येतात, मूठभर येतात. मी नाही म्हणालो.

"भाज्या?"

"हो सर."

"मीठ, लिंबूपाणी?"

"हो सर."

"नवरात्र करतोस?"

"थोडं थोडं."

"मग तेवढे दिवस किटो बंद. उपासाचं नीट खा, रताळं खा, राजगिरा खा. दोन्ही एकत्र करू नको. आणि रक्त तपासून घे. ऐकतोयस ना?"

मी ऐकलं. पण रताळं खाल्लं आणि काटा नव्वदच्या वर गेला तर बेल्ट काढून घेतील. नवस मोडला तर देवी काढून घेईल. दोन्हीकडून धरल्यावर मी कुठं सोडू? सरांना अळणीचं बोललोच नाही. दोराचंही त्यांना माहीत नाही. ते समजतात मी लग्नासाठी बारीक होतोय.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

खाल्लं: ओलं खोबरं. अळणी पनीर. तुपाचा एक चमचा, औषधासारखा.

खानावळीत सगळे उपासवाले साबुदाण्याची खिचडी खात होते. मला खिचडी चालत नाही, बटाटा चालत नाही, वरी चालत नाही. मीठ चालत नाही. अंडं, मटण तर नवरात्रात कुणालाच नाही. गंगुबाई म्हणाल्या, "मग खातूस काय, वारा?" सगळे हसले, मी पण हसलो. मग त्या हसायच्या थांबल्या आणि हळू म्हणाल्या, "आईला फोन लाव, मी बोलते तिच्याशी." मी म्हणालो, आईनेच बोललाय नवस. पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. नवसाच्या मध्ये कोण पडणार.

भूक लागली की पाणी पितो. पाच-सहा बाटल्या होतात. व्हिडिओत सांगतात, पाणी जितकं जास्त तितकं चांगलं.

अकराव्या मजल्यावरून उतरलो. छातीतली चिमणी परत आली.

२४ सप्टेंबर, बुधवार

हात कापतोय म्हणून अक्षर असं.

आज मी मरणार होतो आणि ते कुणाला कळलं नाही.

चौदाव्या मजल्याच्या खिडकीला बाहेरून पट्टी आहे. ती ओलांडताना दुसरा दोर, पहिला तुटला तर धरणारा, क्षणभर सोडून परत लावायचा असतो. मी सोडला. मग काच पुसली. मग पुढची पुसली. आतमध्ये एक बाई कॉम्प्युटरसमोर डबा खात होती, मी तिच्या डब्याकडे बघत राहिलो, लोणचं होतं. बाराव्या मजल्यावर आल्यावर हात कमरेला गेला आणि तिथं कडी रिकामी. दोन मजले मी एकाच दोरावर आलेलो. दुसरा दोर बाजूला हलत होता, मला हाक मारत असल्यासारखा.

तो परत धरून कसा लावला ते आठवत नाही. वरून दौलत ओरडला, "काय झालं?" मी अंगठा दाखवला.

मला विसरायची सवय नाही. बेकरीत असताना कुठल्या भट्टीत काय टाकलं ते मी न बघता सांगायचो. आता शब्दही सापडत नाहीत. सकाळी बादलीला काय म्हणतात ते मला आठवेना. मी "ते, पाण्याचं" म्हणालो, पोरं हसली.

मग आठवलं. काल टपरीवर चहावाल्याने शेंगदाणे पुढं केले. मी बेसावधपणे दोन तोंडात टाकले आणि मग कळलं खारे आहेत. थुंकले, पण चव जिभेवर राहिली. चांगली लागली, हे पण लिहितो, खोटं कशाला. म्हणजे नवस मोडला. म्हणूनच दुसरा दोर सुटला. देवीने दाखवून दिलं.

भरपाई केली पाहिजे. उद्यापासून पनीर पण बंद, काय माहीत त्यातही दुकानवाले मीठ घालत असतील. फक्त खोबरं, तूप आणि पाणी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पाऊस. काम बंद. बरं झालं.

दुपारी उलटी झाली, नुसतं पाणी. उभा राहिलो की भिंत कलते. ओठ बधिर. पाणी पितो तेवढंच बरं वाटतं, म्हणून पीत राहतो.

आईला फोन केला. विचारलं, चूक झाली तर देवी काय करते?

"कसली चूक?"

"अशीच. कुणाचीतरी."

"आई काय करती? वरडती, मग जवळ घेती." मग म्हणाली, "तुझी जीभ अशी जड का येतीया? पिलास का?"

मी म्हणालो, झोपलो होतो. तिने तीनदा विचारलं. मी तीनदा झोपलो होतो म्हणालो.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस थांबला. उद्या पलीकडचा टॉवर, बावीस मजले. जोडी मी आणि दौलत. आधी मी उतरणार, तो वर.

दौलतला सांगावं का, याचा दिवसभर विचार केला. मी वर लटकून बेशुद्ध पडलो तर मला आणायला त्यालाच दुसऱ्या दोराने खाली यावं लागेल, माझ्या वजनासकट लोंबकळत. त्याची पोरगी सान्वी पहिलीत आहे, तिचा फोटो तो हेल्मेटच्या आत चिकटवतो. हे सगळं मला कळतं. पण सांगितलं की काय होईल तेही कळतं. पोपट घाबरला. परत बादल्या. आणि इथून मग पुढं कुठं जायचं? वीट यायला आता नवीन काही उरलं नाही.

उद्या सकाळी सांगतो. नक्की. कठड्यावर जायच्या आधी.

३० सप्टेंबर, मंगळवार

हॉस्पिटल, ठाणे. डाव्या हातात सुई आहे, उजव्याने लिहितोय.

रविवारचं मला थोडंच आठवतं, बाकी दौलतने सांगितलं. मी त्याला काही सांगितलं नाही. सांगायचं आहे हे लक्षात होतं, काय सांगायचं ते गेलेलं. बेल्ट घातला. कठड्यापाशी गेलो. ऊन लय पांढरं होतं.

दौलत म्हणाला, "दोर?"

मी म्हणालो, "दोन."

"गाठ?"

"बघितली."

"वर कोण?"

मी म्हणालो, "देवी."

त्याला आधी चेष्टा वाटली. नवरात्र आहे म्हणून. त्याने परत विचारलं, "पोपट, वर कोण?" मी वर आभाळाकडे बघितलं आणि परत देवी म्हणालो. तोवर माझा एक पाय कठड्याच्या बाहेर होता. खाली विश्राम साहेब वॉकीटॉकीवर ओरडत होते, उशीर होतोय म्हणून. दौलतने वॉकीटॉकी बंद केला आणि माझा बेल्ट मागून दोन्ही हातांनी धरून मला आत ओढलं. मी त्याच्या अंगावर पडलो आणि मला झटके आले. त्याने माझ्या दातांत काही घातलं नाही, एका कुशीवर धरून ठेवलं. लिफ्टमधून खाली आणताना मी आईला हाका मारत होतो म्हणे.

डॉक्टर श्रिया मॅडम माझ्याहून लहान दिसतात. आज सकाळी त्यांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, काय काय खाल्लं? मी खोबरं आणि तूप म्हणालो. किती दिवस? सांगितलं. त्याआधी? अंडी, पनीर. भाज्या? नाही. पाणी? भरपूर.

"आणि मीठ?"

मी मनगटातला गंडा दाखवला आणि नवसाचं सांगितलं.

"नवसाला बकरं देतात हे ऐकलेलं," त्या म्हणाल्या. "स्वतः बकरं झालेला तू पहिला." मग नीट सांगितलं. रक्तातलं मीठ इतकं खाली गेलेलं की मेंदूला सूज यायला लागली. पोटॅशियम पण खाली, म्हणून छाती तशी फडफडायची, म्हणून गोळे. आणि वरून पाणी पिऊन पिऊन उरलंसुरलं मीच धुऊन काढलं.

मी विचारलं, "मॅडम, मग ती भीती नव्हती?"

"कोणती?"

मी सांगितलं, चिमणी, मुंग्या, काचेवरचं सगळं. त्या म्हणाल्या, "भीती असेलही. पण ठोका चुकत होता तो भीतीने नाही."

हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. जास्तच भीती वाटली. मी महिनाभर भीतीशी भांडत होतो आणि मरण भलतीकडून येत होतं.

पहिल्या दिवशी मात्र मला हे काही माहीत नव्हतं. जाग आली तर बाटली लटकत होती. सिस्टर रसिकांना विचारलं, यात काय?

"सलाइन. मीठपाणी."

मी सुईकडे हात नेला.

"हात लावलास तर बांधून ठेवीन."

"माझा अळणी उपास आहे सिस्टर. नवस आहे."

त्या दमलेल्या होत्या. म्हणाल्या, "उपास तोंडाचा असतो ना? मी तुझ्या तोंडात काही घालते का? झोप आता."

मी झोपलो नाही. थेंब पडताना बघत राहिलो. एकेक थेंब नवस मोडत होता आणि मला जगवत होता, आणि दोन्ही खरं कसं असेल ते मला कळेना. खाली दोर नव्हता, कठडा नव्हता, मी पलंगावर होतो, आणि तरी आजवर सगळ्यात जास्त मी तेव्हा घाबरलो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खाल्लं: मुगाची खिचडी, पालकाचं सूप, केळं. दही. सगळ्यात मीठ.

शौनक सर आले. दौलतने त्यांना दोराचं सांगितलेलं. त्यांनी माझा केसपेपर वाचला. मग म्हणाले, "तू मला दोन वेळा हो सर म्हणालास. मी तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं." मी म्हणालो, तिसऱ्यांदाही हो सरच म्हणालो असतो. ते म्हणाले, "ताटातून एक भाकरी काढायची होती. तू ताटच काढलंस." पुढं कधी करायचंच असेल तर आधी रक्त तपासायचं, डॉक्टरांना विचारायचं, आणि भाकरीबरोबर जे जे गेलं ते दुसऱ्या वाटेने परत आणायचं. पण सध्या नाही.

विश्राम साहेब पण येऊन गेले. म्हणाले, बरा हो, खालचं काम आहेच. वरचं नंतर बघू. मला वाईट वाटलं नाही. मला काहीच वाटलं नाही, खिचडी इतकी चांगली होती.

दौलतला विचारलं, आईला कळवलंस का? तो म्हणाला, रविवारीच. तो नजर चुकवत होता. मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, "रडली. मग म्हणाली, नवसाचं मी बघते."

नवसाचं बघते म्हणजे काय ते मला कळलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी सिस्टरांनी सगळ्या पलंगांवर आपट्याचं एकेक पान ठेवलं. मी आईला फोन लावला. लय वेळ उचलला नाही. मग उचलला.

"पोपट्या. जेवलास?"

मी म्हणालो, हो. मीठ घालून. आधी तेच सांगितलं.

"खा. आता तुला मोकळीक हाय. राह्यलेलं मी चालवलंय."

"काय चालवलंयस?"

"अळणी. रविवारपासनं. देवीला सांगितलं, पोराचं मोडलं ते माझ्या पदरात घे."

मी म्हणालो, बरं, आज दसरा, उपास सुटला ना.

"तू घरी येस्तवर. तवर न्हाई सोडायची."

तिचा आवाज जड येत होता. तोंडात काहीतरी ठेवून बोलल्यासारखा. मी विचारलं, पायात गोळे येतात का?

"तुला कसं ठावं? काल आला. पायरीवर बसले मग बरं वाटलं."

"डोकं?"

"जरा कलतंय. म्हातारपण."

ती बोलत होती आणि मला वाटलं, कुणीतरी माझंच लिहिलेलं मला वाचून दाखवतंय. तिला बीपी आहे. त्याची पाण्याची गोळी ती रोज घेते, त्या गोळीने लघवी होते, सूज उतरते. मी फोन तसाच धरून सिस्टर रसिकांकडे गेलो, सुई काढलेली होती. विचारलं, पाण्याची गोळी चालू आहे आणि मीठ पूर्ण बंद, तर काय होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोण?"

मी म्हणालो, आई.

"आत्ताच्या आत्ता खायला सांग. आणि आजच डॉक्टरकडे."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरनीच मीठ कमी सांगितलंय. मी म्हणालो, कमी म्हणाले, बंद नाही म्हणाले. ती म्हणाली, देवीला शब्द दिलाय. मी म्हणालो, मी पण दिलेला, माझ्या तर नसेतून मीठ घातलं, देवीने काही केलं नाही, उलट दौलतला माझा बेल्ट धरायला लावला. ती म्हणाली, ते माझ्या नवसामुळं.  मी ओरडलो, वॉर्डातले सगळे बघायला लागले.  हात कापायला लागला, आणि यावेळी मला पक्कं माहीत होतं की ही भीतीच आहे, दुसरं काही नाही.

शेवटी गावी घराशेजारच्या लक्ष्मीकाकूंना फोन केला. धोंडिबाची जीप काढून आईला आटपाडीला दवाखान्यात न्या म्हणालो, पण त्याआधी आईच्या पुढं ताट ठेवा, मी लाइनवर आहे. काकूंनी भाकरी आणली, पिठलं आणलं, फोन आईच्या हातात दिला.

मी म्हणालो, "आई, मी विचारेन तसं उत्तर द्यायचं. चुकायचं नाही."

"हे काय पोरखेळ?"

"आमच्या कामात असंच असतं. मीठ?"

 काकूंचा आवाज आला, सांग की गं त्याला.

"मीठ, आई?"

"हाय."

"घातलं?"

"लक्ष्मीनं घातलं. लय घातलंय मेलीनं."

"समोर काय?"

"पिठलं. भाकरी."

"खातेस?"

 मागं कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. सिस्टर रसिका औषधाचा ट्रे घेऊन थांबल्या होत्या, पुढं गेल्या नाहीत. मी फोन कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला.

मी म्हणालो, "आई, फोन ताटाजवळ ठेव."

तिने ठेवला.  मग भाकरी मोडल्याचा आवाज आला.